तीन केबिन, सहा माणसं

सासू: ते सगळं ठीक आहे, पण पांढरी घरं आणि निळे घुमट कुठायत? दाताच्या डॉक्टरकडच्या कॅलेंडरवर ग्रीस म्हणून तेच होतं.

सून: ते बेट फार खाली आहे, आई. तिथवर उघड्या समुद्रातून जावं लागतं. त्या भागात उत्तरेकडून एक वारा सुटतो, मेल्टेमी म्हणतात त्याला. सुटला की तीन-तीन दिवस थांबत नाही. मावशींना तर लिफ्टमध्येसुद्धा मळमळतं.

सासू: तिला बातम्या ऐकूनही मळमळतं. तिचं सोड.

सून: म्हणून मी ही अलीकडची बेटं घेतलीत. हा नकाशा बघा, बोट इथे ताब्यात मिळते, अथेन्सजवळ. पहिल्या दिवशी एजिना, मग पोरोस, मग हायड्रा. एका बेटावरून निघालं की थोड्या वेळात पुढचं दिसायला लागतं. रोज तीन-चार तास शिडावर जायचं, दुपारी एखाद्या खाडीत नांगर टाकून पोहायचं, संध्याकाळी गावात भटकायचं.

सासू: हायड्रावर म्हणे गाड्याच नाहीत.

सून: नाहीत. सामान वाहायला गाढवं आहेत.

सासू: एक आपण इथूनच नेतोय. जावईबापू येतायत ना.

सून: आई!

सासू: काय आई? सत्तरीला आलेल्या बाईने जावयाला नावं ठेवायची नाहीत, तर मग कधी ठेवायची? बरं, चल. त्या बुकिंगवाल्या बाईला उद्या दुपारपर्यंत यादी हवी आहे. कोण कुठे झोपणार ते तू सांग, मी लिहिते. पुढची केबिन?

सून: तुम्ही आणि मावशी. तिथे डोक्यावर खिडकी आहे, हवा येते.

सासू: मागची डावी?

सून: ताई आणि भाऊजी.

सासू: मागची उजवी तुम्ही दोघं. तीन केबिन, सहा माणसं. झालं.

सून: नाही, म्हणजे... उजवीत तो एकटा लिहा. मी मधल्या बैठकीत झोपेन. जेवायच्या टेबलाशेजारी बाकडं असतं, त्यावर.

सासू: बाकड्यावर? ते का?

सून: बोट मी चालवणार ना, स्किपरला तिथेच बरं पडतं. रात्री वारा फिरला, नांगर सरकला, तर चटकन वर जाता आलं पाहिजे.

सासू: आणि केबिनमधून वर जायला किती वेळ लागतो?

सून: तसा फार नाही.

सासू: किती?

सून: चार पावलं जास्त.

सासू: चार पावलांसाठी सात रात्री बाकड्यावर?

सून: आई, लिहा ना. पुष्कळ बोटींवर असंच करतात.

सासू: बत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलीत मी. पेशंट 'कुठेच दुखत नाही' म्हणाला की हात नेमका कुठे ठेवायचा, ते मला कळतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? भांडलात का?

सून: नाही.

सासू: भांडलात तर भांडलात. तुझे सासरे रुसले की चिठ्ठ्या लिहायचे. आरशावर चिकटवलेली असायची, 'साबण संपला आहे.' खाली पूर्ण सही, जणू मी बँक आहे.

सून: भांडत नाही हो आम्ही. तेच तर.

सासू: म्हणजे काय?

सून: हे तुम्हाला आत्ता सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. तुमची सत्तरी, ही सहल, सगळं नीट पार पडू दे आणि मग सांगू. पण चाळीस फुटांच्या बोटीवर सात दिवस नाटक करणं मला नाही जमणार, आई. आम्ही वेगळे राहतो. फेब्रुवारीपासून. त्याच्या ऑफिसातल्या एका मित्राकडे वरची खोली रिकामी होती, तिथे असतो तो. घटस्फोटाचे कागद अजून दिलेले नाहीत, पण देणार आहोत.

(सासू पेनाला टोपण लावते, काढते, पुन्हा लावते.)

सासू: फेब्रुवारी. म्हणजे चार महिने झाले. आणि दर रविवारी अकरा वाजता फोनवर मला शेजारी-शेजारी बसलेले दिसता, ते कोण?

सून: तो पावणेअकराला यायचा.

सासू: मला दाखवायला?

सून: चहा घ्यायचा, तुमच्याशी बोलायचा. कॉल संपला की कप विसळून, पालथा घालून जायचा.

सासू: कप विसळायचा? माझा मुलगा?

सून: हो.

सासू: एकोणतीस वर्षं माझ्या घरात होता. चमचा विसळला नाही कधी.

सून: माझ्याकडे तरी कुठे विसळायचा? आठ वर्षं मी त्यावरून बोलले. आणि त्या पहिल्या रविवारी, मी काही न म्हणता, पाहुण्यासारखा नळाशी जाऊन उभा राहिला. तो गेल्यावर मी तो कप हातात घेऊन रडले. तेव्हा कळलं मला, हे संपलंय.

सासू: कोणी आहे का त्याचं? खरं सांग.

सून: नाही. माझंही नाही. कोणी असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. मी दिवसभर लोकांचे कान तपासते ना. बंद खोलीत बसवायचं आणि सांगायचं, आवाज आला की बटण दाबा. घरी आम्ही दोघंही बोलत होतो, बटण कोणीच दाबत नव्हतं. वाईट नाहीये तो, आई.

सासू: तो वाईट नाही हे तू मला सांगतेस? मूर्ख आहे. तूही आहेस. आणि तुमच्यावर कडी म्हणजे मी. मार्चमध्ये तुझ्या नणंदेला कौतुकाने सांगितलं, दोघं हल्ली किती शहाण्यासारखे बोलतात, एकमेकांचं वाक्य मध्ये तोडतसुद्धा नाहीत!

सून: सॉरी, आई.

सासू: चार महिने कोंबडं झाकून ठेवलंत. तांबडं फुटायचं राहिलं का? मी रागावलेय. मला जरा रागावू दे.

सून: हो.

सासू: आणि हे सांगायला त्याने तुला एकटीला पाठवलं? दोन तास बसमधून?

सून: त्याला माहीत नाही मी सांगतेय ते. मलाही माहीत नव्हतं. केबिनवर येऊन अडलं.

सासू: पाणी पी. तो तांब्या घे... नाही, बस. मीच देते. हं. आता सहलीचं काय करायचं म्हणतेस?

सून: मी एक माणूस शोधून ठेवलाय. तिथलाच स्किपर आहे. पंधरा वर्षं हीच बेटं फिरतोय, लोक चांगलं सांगतात त्याच्याबद्दल. बोट तीच, तारखा त्याच. फक्त माझ्या जागी तो.

सासू: तुझ्या जागी तो.

सून: म्हणजे बोट चालवायला.

सासू: अगं, ही सहल निघाली कोणामुळे? तुझे सासरे गेले त्या वर्षी मला तू तळ्यावर घेऊन गेलीस. त्या एवढ्याशा बोटीत बसवलंस. शीड भरलं आणि काही आवाज न होता आपण निघालो. किती महिन्यांनी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. तेव्हा मी म्हटलं, समुद्रावर नेशील का? तुला म्हटलं. चिरंजीव काठावर बसून फोन बघत होते.

सून: पण तो तुमचा मुलगा आहे. मी कोण उरते? कागद झाले की तुम्हाला आई म्हणायचं का, हेही मला कळत नाही. काकू म्हणायचं?

सासू: काकू म्हटलंस तर याच नकाशात गुंडाळून पोस्टात टाकीन.

सून: हसवू नका हो. अख्ख्या बसमध्ये मी हेच घोकत होते. नवरा जाणार, त्याचं रडून झालंय माझं. तुम्ही जाणार, त्याचं व्हायचंय.

सासू: मी कुठे निघाले? हे बघ. त्याचं काय ते मी त्याच्याशी बोलेन. पोटचा आहे, त्याला मी टाकणार नाही, आणि तुझ्यासमोर नावंही ठेवणार नाही. मूर्ख म्हटलं तेवढं पुरे. आला तर बाकड्यावर झोपेल. पाय लांब आहेत, दुमडेल. उजवी केबिन तुझी. पण बोट चालवणारी तू. परक्या माणसाच्या हाती मी समुद्रावर जाणार नाही. मला तू हवी आहेस तिथे. सून म्हणून ने, शेजारीण म्हणून ने, काय वाटेल ते म्हणून ने.

सून: तो नाहीच येणार. मी ओळखते त्याला. आणि तो नसला तर जमत नाही, आई. स्किपरशिवाय आणखी एक माणूस लागतो बोट देणाऱ्या कंपनीला. बंदरात शिरताना मी सुकाणूच्या चाकावर असते. बोट रिव्हर्समध्ये घ्यायची, मागच्या बाजूने धक्क्याला बांधायची. त्या वेळी दोर सांभाळायला कोणीतरी लागतं. फॉर्मवर त्या माणसाची सही असते, की हे काम मला येतं. ते तोच करणार होता.

सासू: जावई?

सून: भाऊजी काठावर उभे राहून सूचना देतील.

सासू: उंटावरून शेळ्या हाकायला पहिला नंबर. आणि लेक?

सून: ताईंच्या खांद्याचं आत्ताच ऑपरेशन झालंय.

सासू: मग मी.

सून: आई, तुम्ही सत्तर...

सासू: सप्टेंबरपर्यंत एकोणसत्तर. सर्जनने नुसता हात पुढे केला की कात्री त्याच्या हातात. तोंड उघडावं लागत नव्हतं त्याला. दोरांचं काय घेऊन बसलीस?

सून: ओला दोर जड असतो. आणि खोटी सही नाही चालायची. खरंच यावं लागतं.

सासू: खोटी कोण करतंय? शिकव मला. आज जून. निघेपर्यंत शनिवार किती मिळतात?

सून: बारा. तेरासुद्धा होतील.

सासू: इथून पहिली बस सातला सुटते. नऊला मी तळ्यावर.

सून: दर शनिवारी?

सासू: दर शनिवारी. आणि रविवारचा तुमचा अकराचा नाटकाचा खेळ बंद.

सून: आई...

सासू: रडायचं ते नंतर. त्या खणात कपडे वाळत घालायची नवी दोरी आहे, ती आण.

सून: आत्ता?

सासू: मग काय मुहूर्त काढायचा? आण. हं. कुठे बांधू?

सून: बांधायचं नंतर. आधी धरायचं आणि सोडायचं. हा खुर्चीचा हात म्हणजे बोटीवरची खुंटी समजा. एक वेढा घ्या त्याला. टोक ताणून धरा. मी इकडून ओढते, म्हणजे बोट पुढे जायला बघतेय. मी सांगितलं की ढिला सोडायचा. त्याआधी नाही, नंतर नाही.

सासू: धरला. सांग.

सून: आई, आता जरा हळूहळू सोडा हं, म्हणजे एकदम नको, पण...

सासू: थांब. बंदरातही असंच सांगणार आहेस?

सून: का? काय झालं?

सासू: तुझं 'आई, जरा, हं, म्हणजे' होईपर्यंत बोट कोणाच्या तरी बोटीवर चढलेली असेल. थिएटरमध्ये कोणी 'सिस्टर, जरा कात्री देता का हं' म्हणत नाही. नवऱ्याला काय म्हणायचीस?

सून: त्याला नुसतं 'सोड'.

सासू: मग?

सून: तुम्हाला कसं म्हणू? आठ वर्षांत कधी तुम्हाला अगं-तुगं केलेलं नाही. ते मी माझ्या आईला करायचे.

सासू: माहीत आहे. ऐकलंय मी. तिच्या शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलमध्ये तिच्या अंगावर ओरडायचीस, 'आई, दोन घोट पी ना गं!' मी दाराशी उभी असायचे. अशा वेळी वाटू नये, पण हेवा वाटायचा मला तिचा.

सून: मला कधी बोलला नाहीत.

सासू: असं मागता येतं का कोणाकडे? ओढ दोरी. नीट ओढ, जोर लाव. वारा आहे, मागे धक्का आहे, मावशीला मळमळतंय. सांग काय करू.

सून: आई...

सासू: ऐकू येत नाही.

सून: आई, सोड गं!

सासू: सोडला. आता बांधायचा कसा, ते दाखव.