डाळ शिजली

भातकुलीची एक गाडी भगवंत सरांनी मुद्दाम सोडली होती. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या सरांचा सारा प्रबंध खारपाणातल्या, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यातल्या, एका विहिरीवर अडला होता, आणि ती पाहायला जायचा धीर होत नव्हता. अमरावतीच्या स्टँडवर ते तसेच बसून राहिले. मागच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या.

"काय व मनकर्णा, तुमच्या इहिरीचं काय झालं?"

"पाणी खारं लागे म्हणून आमच्या मालकानं अजून खोल खंदली. त अजूनच खारी झाली. ढोरंबी तोंड लावत नव्हते."

"मंग?"

"मंग उन्हाळ्यात कालेजातला एक मास्तर आला. म्हणे, गोडं पाणी वर रायते, खारं खाली. तुमी खारं उकरून राहिले. इहीर खालून मातीनं बुजवा."

"खंदलेली इहीर बुजवा म्हणे?"

"हो ना! मी तोंडावर म्हटलं, बाप्पा, येवढं शिकून तुले हेच सुचलं काय? सारं गाव हासलं."

"अन् बुजवली?"

"यायनं बुजवली. मी किती दिवस बोलली नाई यायच्यासंगं."

"अन् पाणी?"

"पावसाळा गेला. काल तुरीची डाळ टाकली, सुंदरा. लोण्यावानी शिजली व! जलमभर दाताखाली कचकच करे."

"मास्तरले सांगतलं काय?"

"कसं सांगू? मी येवढं बोलली, आता तो काहून येते आमच्या गावात?"

गाडी लागली. सरांनी मागे वळून मनकर्णाबाईची टोपली उचलली.

"काकू, आज जेवाले डाळच करसान ना?"