मच्छरदाणीवर मारलेलं औषध

डासांच्या औषधाचा विषय काढलात म्हणून सांगतो. शिरोळला पूर ओसरला त्या वर्षी डासांनी माणसं हैराण झाली होती. आमची काकू रोज तिन्हीसांजेला घमेल्यात कडुलिंबाचा पाला पेटवून घरभर धूर करायची. काकांना ते पटायचं नाही.

"धुरानं डास पळत्यात, मरत न्हाईत," म्हणाले, आणि एका सकाळी वांग्यावर फवारायचं औषध पंपात भरून त्यांनी काकूच्या मच्छरदाणीवर, गादीवर मारलं. काकूला आदल्या दिवसापासून ताप होता. ती दुपारभर त्यातच झोपली.

संध्याकाळी तिच्या तोंडाला फेस आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आम्ही तिला कोल्हापूरला दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "किती प्यायल्यात?"

"प्याली न्हाई ओ, झोपली हुती," काका सांगत राहिले. कुणाचा विश्वास बसला नाही. काकूच्या भावानं तर सगळ्यांदेखत काकांची गचांडी धरली. तिसऱ्या दिवशी काकू गेली.

हवालदार जबाब घ्यायला आला, तेव्हा काका भिंतीला टेकून बसले होते.

"काय झालं ते नीट सांगा."

"म्या मारलं."

हवालदाराचं पेन थांबलं. मी घाईनं म्हणालो, "साहेब, औषध मारलं म्हणायचंय त्यांना. डासांसाठी."

काकांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "त्याला मधी बोलू देऊ नका," ते हवालदाराला म्हणाले. "मी सांगतोय तसंच लिवा."