पप्पांच्या खात्यावरून

लिडिया : मशीननं केलं म्हनतोस. मशीनला तुझे पप्पा कुठनं ठाऊक?

डॅनी : मशीनला नाही गं मम्मी ठाऊक. मीच ठेवलं होतं त्यांचं सगळं माझ्याकडे. चर्चच्या मंडळीच्या नोटिसा पाठवायला त्यांना मेलचं खातं मीच काढून दिलं होतं ना. तो पासवर्ड माझ्या लॅपटॉपच्या पेटीत राहिला.

लिडिया : मानूस जाऊन वरीस झालं, आन पासवर्ड पेटीत.

डॅनी : काढायला हात धजत नव्हता.

लिडिया : बस. पानी पी. नगरवरनं उन्हाचा गाडी मारत आलास. आन मग सांग, सकाळी माझ्या मोबाईलवर त्यांचं नाव कसं उमटलं ते. नीट सांग. मला पाळकसाहेबांना सांगायचंय, शमुवेलअण्णांना सांगायचंय. सगळ्या मंडळीला गेलंय ते.

डॅनी : मी ज्यात प्रोग्राम लिहितो ना, त्याला एडिटर म्हणतात. लिहायची पाटीच ती, पण मेलही मी त्यातूनच पाठवतो. त्या एडिटरला स्वतःला कुठलाच पासवर्ड माहीत नसतो. माहीत असूही नये. गरज लागली की तो पेटीला विचारतो, अमक्या ठिकाणची, म्हणजे अमक्या मेल कंपनीची, अमक्या माणसाची किल्ली दे. पेटीत एकेक पाकीट असतं, वर नाव घातलेलं. नाव जुळलं की पेटी ते पाकीट उघडते आणि पहिल्या ओळीवरचा पासवर्ड काढून देते.

लिडिया : मग तुझं पाकीट न्हवतं का तितं?

डॅनी : होतं. माझ्या पाकिटावर माझं नाव आणि ठिकाण, दोन्ही आहे. पप्पांच्या पाकिटावर नुसतं ठिकाण. त्यांचं केलं तेव्हा त्या ठिकाणचं दुसरं कुणी नव्हतंच पेटीत. काल मी लॅपटॉप नव्यानं लावला, आणि एडिटरला माझं नाव सांगायचं राहून गेलं. त्यानं नुसतं ठिकाण विचारलं. पेटीनं नुसत्या ठिकाणाचं पाकीट दिलं. मंडळीला लिहिलेला माझा मेल पप्पांच्या खात्यातून गेला, त्यांच्या नावानं.

लिडिया : मी वसतिगृहात कामाला हुते, तवा असंच व्हायचं. फाटकावर कोन तरी यायचं, पारनेरच्या पोरीला बोलवा म्हनायचं. नाव न्हाई सांगायचं. आमी दिसंल ती पारनेरची पोरगी धाडायचो. ती जेवनावरनं उठून पळत जायची, बाप आला म्हनून. बघती तर बाप दुसरीचा.

डॅनी : मम्मी, चुकलं माझं.

लिडिया : मी बी पळालेच की सकाळी. मेथी निवडत हुते. मोबाईल वाजला, वर नाव डेव्हिड मास्तर. चष्मा आत हुता, मांडीवरची मेथी सगळी भुईवर. आन चष्मा लावून बघते तर काय, "रविवारी मला जमणार नाही. काम आहे. माझ्याशिवाय उरकून घ्या." खाली सलाम न्हाई, नाव न्हाई.

डॅनी : परत वाचू नको ना ते.

लिडिया : वाचत न्हाई. पाठ झालंय. रविवारी कबरीवर ज्याचा दगड बसवायचाय, त्योच म्हनतो माझ्याशिवाय उरकून घ्या. शमुवेलअण्णांचा केविन हसला म्हनं. तरणं पोर, हसनारच. ग्रेसकाकू मात्र दार लावून बसली. पाळकसाहेबांचा फोन आला, तर ते आधी मलाच विचारत हुते, तुम्ही बऱ्या आहात ना म्हनून.

डॅनी : मला शमुवेलअण्णांचा फोन आला तेव्हा कळलं. म्हणाले, तुझ्या बापाचा मेल आलाय, बघ जरा. मग मी पप्पांचं खातं उघडलं. वर्षात पहिल्यांदा.

लिडिया : मग माझं उत्तर बी बघितलं असशील.

डॅनी : हो.

लिडिया : हात आधी गेला, डोकं मागनं आलं. धाडल्यावर ध्यानात आलं, आपन कुनाला लिवलं ते.

डॅनी : "का हो जमत नाही" एवढंच होतं.

लिडिया : चाळीस वर्सं तेच तर विचारत आले त्यांना.

डॅनी : तिथंच बसलो मी खाली. मान वर करायची लाज वाटली, घरात कुणी नसताना. मी सगळ्यांना मेल लिहितो आजच. तांत्रिक चूक होती, माफ करा म्हणून.

लिडिया : ती चूक मीच सांगन की मंडळीला. पाकिटाचं कळलं मला. पर डॅनी, ती वाक्यं कुनाची? ती काय पेटीनं दिली न्हाईत.

डॅनी : माझी आहेत.

लिडिया : तुझ्या नावानं आली असती तर मी वाचून मेथी निवडायला लागले असते. डॅनीला काम असतंय, नेहमीचंच हाय. त्यांच्या नावानं आली तवा कळलं, किती वाईट दिसतंय ते. काय काम हाय रविवारी?

(डॅनी पाण्याचा तांब्या खाली ठेवतो.)

डॅनी : काम नाही.

लिडिया : मग?

डॅनी : दगड बसवताना थोरल्या मुलानं साक्ष द्यायची असते. शेवटच्या दिवसांत बाप काय बोलला, प्रभूकडे कसा गेला, ते सगळ्यांसमोर सांगायचं. मी काय सांगू? मी नव्हतोच. ते दवाखान्यात होते आणि मी नगरात, तासाभराच्या वाटेवर. तेव्हाही कामच आहे म्हणत होतो. काम नव्हतं मम्मी. नळ्या लावलेले पप्पा बघायची भीती वाटत होती. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. ते गेल्यावर भीती गेली आणि लाज आली. मग लाजेनं इकडे येणंच तोडलं.

लिडिया : ठाऊक हाय मला.

डॅनी : तुला ठाऊक होतं?

लिडिया : मंडळीला बी ठाऊक हाय. शमुवेलअण्णा रोज डबा घिऊन यायचे. एकदा बी विचारलं न्हाई त्यांनी, डॅनी कुठंय म्हनून. आता म्हातारं मानूस विचारत न्हाई म्हंजे त्याला दिसत न्हाई, असं थोडंच हाय?

डॅनी : तूच सांग मला काहीतरी. ते काय बोलायचे, कसे होते. मी तेवढं बोलेन रविवारी.

लिडिया : म्हंजे मी बघितलेलं तू सांगनार. तुझं तोंड आन माझे डोळे. सकाळी मेलचं झालं तेच की हे. दगडापाशी उसनं न्हाई बोलायचं.

डॅनी : मग काय बोलू?

लिडिया : हाय ते.

डॅनी : हाय ते एवढंच, की मी नव्हतो.

लिडिया : मग तेवढंच. लांबन कशाला लावायची?

डॅनी : मेल माझा होता. काम नव्हतं. पप्पा आजारी होते तेव्हाही नव्हतं. असं सगळ्यांसमोर? केविनसमोर, ग्रेसकाकूंसमोर?

लिडिया : व्हय.

डॅनी : मधेच अडखळेन मी.

लिडिया : अडखळ की. मी हाय ना बाजूला. पडलास तर उचलीन, पर तुझ्या जागी बोलनार न्हाई.

डॅनी : येतो मी. शनिवारीच येतो मुक्कामाला.

लिडिया : ये. आन त्यांच्या त्या पाकिटाचं?

डॅनी : आज काढतो.

लिडिया : माझं उत्तर बी जाईल मग?

डॅनी : नाही. नुसती किल्ली जाईल. उत्तर आत राहील, पण परत कुणाला आत जाता येणार नाही. मलाही नाही.

लिडिया : बरं हाय. ऱ्हाऊ दे तितंच.

डॅनी : मम्मी, एक विचारू? साक्षीसाठी नाही, माझ्यासाठी. शेवटी काय म्हणाले पप्पा?

लिडिया : वरीस झालं, आज विचारलंस.

डॅनी : धीर होत नव्हता.

लिडिया : मोठं काय न्हाई म्हनाले. शास्त्रातलं न्हाई, काय न्हाई. पानी मागितलं, दोन घोट घेतलं. मग म्हनाले, डॅनीचा फोन आल्ता का?

डॅनी : नव्हता केला मी.

लिडिया : न्हवता.

डॅनी : मग तू काय म्हणालीस?

लिडिया : मी म्हनाले, आल्ता.