पाटीवरचे पन्नास

— नाही, साहेब, व्होल्टेजचं मला सांगू नका. ते बालवाडीतही शिकवत असतील आता. चाकण-महाळुंग्यातले निम्मे ट्रान्सफॉर्मर ह्या उद्धवरावच्या हातून वाइंड झालेत — सांगवीत जेवायला बसलो तरी देहूरोडचा कुठला तापलाय ते मी गुणगुणीवरून ओळखतो. एकदा तर फोनवर ऐकून सांगितलं, बाबांनो, तिसऱ्या कॉइलवर पाल बसलीय — आणि निघाली. हसा. डिग्रीवाल्यांना हसता छान येतं, ऐकता येत नाही.

कंपनीनं चौकशीला पाठवलंय ना, मग लिहा, तुमचा ट्रान्सफॉर्मर कशानं जळाला ते. परदेशातून जुनं मशीन आणलंत, हा त्याच्यासोबतच आलेला. तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, आपली पन्नास. साठला बेतलेलं लोखंड पन्नासवर टाकलं की एकेक हेलकावा लांबतो, गाभ्याला पेलत नाही, तो घरघरतो, तापतो, कॉइल करपते. यात नवनाथचं काय चुकलं? तुमचा वायरमन तो, ट्रान्सफॉर्मरवरची आकड्यांची पाटी वाचल्याशिवाय केबलला हात लावत नाही — आणि तुम्ही त्याच्याच नोकरीवर उठलात. त्यानं पन्नास वाचलं, पन्नासवर जोडलं. बस.

काय? पाटीवर साठच असणार? होतं की, साठच होतं — मूळच्या पाटीवर. पण जोडणीआधी खंडेनवमीला तुमच्या मालकांना मशीन, ट्रान्सफॉर्मरसकट, नवरीसारखं सजवून हवं होतं, पूजेला पाहुणे येणार होते, रंगाचं काम आलं माझ्याकडं. हिरव्या रंगाच्या हाताखाली पाटीपण गेली. आता बोडकी पाटी पूजेला बरी दिसते का? नाही दिसत. म्हणून मीच ब्रशनं सगळं पुन्हा लिहिलं, पांढऱ्यात, ठसठशीत — आकडे आधी कागदावर उतरवून घेतले होते, मी काय कच्च्या गुरूचा चेला नाही. साठ दिसलं होतं मला, हो. म्हटलं, परदेशी माणसं, छापताना चुकली असतील. अख्ख्या देशात पन्नासशिवाय दुसरं असतंय कुठं? तेवढं दुरुस्त केलं—

पेन का थांबलं?

असं बघू नका माझ्याकडं. रंगकामवाला म्हणून लिहा, नाव कशाला... नवनाथचं खोडलंत? बरं केलंत. आडनाव दुकानाच्या बोर्डावर आहे, जाताना वाचून घ्या. चहा राहू द्या. निघा.