टेकडीवरचा पहारेकरी

द्वारका चौकात सिन्नरच्या बसच्या रांगेत उज्वलाच्या मागे दोन म्हातारी भावंडं बोलत होती.

"दादा, टेकडीवर आम्ही मजुरीवर जुन्या बुरुजाचा पाया शोधाय खणत होतो ना, तिथं माणसाची हाडं घावली. दहा हजार वर्षांची, म्हणाले खोदकामाचे साहेब."

"आन् बुरूज?"

"त्याचा दगडबी नाय राहिला."

"आपला पणजा तिथं पहारा द्यायचा, कुसा. आता सांगितलं तर लोक हसत्यात."

"ऐक तरी. त्या माणसाला बसवून पुरलंय. तोंड घाटाकडं."

"पहाऱ्याला बसल्यावानी?"

"तसंच. मी कुंच्यानं माती झाडली, आन् हात आपोआप जोडले गेले."

रांग सरकली. थोरला हललाच नाही. उज्वलाही ऐकत थांबली.

"म्हंजे पणज्याच्या लय आधीपासून तिथं कुणीतरी जागं हाय. कुसा, उजेड हाय तवर मला तिथं ने."