आईच्या बाजूला ब्रेक नाही

मी मूळचा कोडोलीचा. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच घरात एक गोष्ट ठरली, की पोरं शिकणार, बाकीचं काय व्हायचं ते होऊ दे, आणि म्हणून मी शिकलो, कोल्हापूरच्या वसतिगृहात राहिलो, मराठीचा शिक्षक झालो आणि शिवाजी पेठेत तालमीच्या मागच्या बोळात दोन खोल्या घेतल्या त्या आजपर्यंत. ज्या घरात साधी सायकल यायला दोन पिढ्या लागल्या तिथं ही असली गाडी कशी, असं तुम्ही मघाशी विचारलंत, म्हणून इतक्या लांबून सांगतोय. माझी वाक्यं लांबतात, वर्गातसुद्धा लांबायची, लिहिताना तोडा वाटलं तर.

गाडी अमोलची. आमचा एकुलता एक. पुस्तकांच्या घरात जन्मला आणि पुस्तकाला हात लावला नाही, उद्यमनगरात एका कारखान्यात मशीनवर लागला, आणि पगार साठवून पुण्याहून ही जुनी लाल गाडी घेऊन आला. दोन दारांची. कंपनीनं वेगाची हौस असलेल्यांसाठी म्हणून थोड्याच काढल्या आणि मग बंद केल्या. बाहेरून साध्या मॉडेलसारखीच दिसते, पण इंजिन वेगळं, ब्रेक वेगळे. मला तेव्हा एवढंच कळायचं, की ती चालू झाली की माझ्या कपाटाच्या काचा थरथरतात.

रविवारी तो आम्हाला कोडोलीला न्यायचा. कमल, म्हणजे माझी बायको, पुढं त्याच्या शेजारी, आणि मी मागं गुडघे पोटाशी घेऊन. उतार आला की कमल पायाखालची चटई दाबून धरायची, जणू तिथं ब्रेक आहे, आणि अमोल हसायचा, आई, तुझ्या बाजूला ब्रेक न्हाय की गं. ती म्हणायची, तुझ्या बाजूला हाय न्हवं, मग दाब की मुडद्या. दर रविवारी हेच. त्या जागी चटई झिजली आहे, आत्ता जाऊन बघा.

गेल्या श्रावणात त्याला ताप आला, डोक्यात चढला, आणि आठवड्यात पोरगं गेलं. 

त्यानंतर कमल घरात बोलेनाशी झाली. संध्याकाळ झाली की किल्ली घ्यायची, निवडायला मेथीची जुडी घ्यायची आणि बोळात उभ्या गाडीत डाव्या बाजूला जाऊन बसायची. तिथं बोलायची. काय बोलायची ते ऐकायला मी कधी गेलो नाही. मी खिडकीतून बघायचो, ओठ हलतायत एवढं दिसायचं. तालमीची पोरं बोळात फुटबॉल खेळतात, त्यातला एक जण म्हणाला, काकू, डबल बेल देऊ का, गाडी सुटू दे. मला वाटलं आता ही रडणार. तर ती म्हणाली, आधी तिकिटं काढा रं भाड्यांनो. काय सांगू तुम्हाला, कित्येक महिन्यांनी मी तिचा असला आवाज ऐकला, आणि मी आत जाऊन पुस्तक उघडून त्याच्यामागं तोंड लपवलं.

त्याच सुमारास सलीम आला. सलीम मेकॅनिक, अमोलचा लहानपणापासूनचा दोस्त. म्हणाला, काका, गाडीला पंधरा वर्षं होत आली, पुन्हा नोंदणी करायला लागतीय, आरटीओत ब्रेक बघत्यात, ब्रेक न्हाय तर पास न्हाय, आणि पास न्हाय तर एक दिवस भंगारवाला दारात. मी म्हटलं, मग ब्रेक बघ. त्यानं पुढची चाकं काढली आणि तसाच उकिडवा बसून राहिला. आत काहीच नव्हतं. चाकाबरोबर फिरते ती लोखंडी थाळी, तिला डिस्क म्हणतात, ती नाही, आणि तिला दोन्हीकडून चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर, तोही नाही. अमोलनं दुरुस्तीला काढून ठेवलेत, सलीम म्हणाला, बापूकडं असणार.

बापूंचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे. आम्हाला बघून ते उठून उभे राहिले, खुर्ची पुसली, चहा सांगितला. सलीमनं विचारलं तशी त्यांची मान खाली गेली. तुम्हाला ठाऊक असेल, खंडेनवमीला उद्यमनगरात सगळी वर्कशॉपं झाडून काढतात, मशीनं धुतात, हार घालतात, आणि न्यायला कुणी आलं नाही असे सुटे भाग भंगारात घालून ओतकामाच्या भट्टीला देतात. बापू गावाला होते, कामगारांनी झाडलोट केली, त्यात अमोलचे ब्रेकही गेले. वितळले. मी कोपऱ्यातल्या मशीनकडं बघत राहिलो, गेल्या खंडेनवमीचा हार तिच्यावर वाळून तसाच होता. बापू म्हणाले, सर, माझ्या तोंडात मारा, पर गप बसू नका.

मग आमचं फिरणं सुरू झालं. कोल्हापुरातली सगळी दुकानं झाली, सांगली झाली, पुणं झालं. सगळीकडं साध्या मॉडेलचे ब्रेक ढिगानं मिळतात, या गाडीचे नाहीत. हिची डिस्क मोठी. परदेशात आहेत म्हणाले, पण ब्रेकची किंमत गाडीच्या किमतीहून जास्त, पेन्शनीत कुठून बसायची ती. सलीम तेव्हाच म्हणाला होता, काका, साध्या मॉडेलचा अख्खा सेट बसतोय, कमी पैशात काम हुतंय. मी त्याच्यावर असा ओरडलो की बोळातली पोरं खेळायची थांबली. अमोलनं निवडलेलं काढून तू दुसरं बसवणार? तो बिचारा पाना पुसत राहिला.

मग मला वाटलं, करून घेऊ. सगळा देश इथून पार्ट करून नेतो, आमचे दोन कोण करणार नाही? फोटो घेऊन मी उद्यमनगरात दारोदार फिरलो. बघायचे, म्हणायचे, हे व्हय, करतो की. आणि ब्रेकचं आहे म्हटलं की फोटो परत माझ्या हातात. पंप सांगा, गिअर सांगा, काय बी सांगा सर, ब्रेक न्हाय, नमुना न्हाय, माप न्हाय, जिवाचं काम हाय. एक जण तर म्हणाला, पावणं, एवढं कशाला जिवाला लावून घेताय, गाडीच हाय न्हवं.  तिथंच पायरीवर बसलो.  आयुष्यभर पोरांना शब्द शिकवले आणि त्या माणसाला सांगायला मला एक शब्द सापडला नाही, की माझी बायको फक्त तिथं बोलते.

शेवटी सलीमला मोबाइलवर दिल्लीकडचा एक दुकानदार सापडला. त्यानं शपथेवर सांगितलं, तुमच्याच गाडीचे आहेत. नोंदणीची मुदत जवळ आलेली. रोज दार वाजलं की मी चप्पल न घालता धावायचो. खोका आला, सलीमनं फोडला, डिस्क हातात घेतली, चाकाशी धरली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, काका, साध्या मॉडेलचेच हायत.

मी बोळात, पोरांच्या देखत, त्या खोक्याशेजारी खाली बसलो आणि मोठ्यानं रडलो. अमोल गेला तेव्हा मी असा रडलो नव्हतो. लोकांचं करण्यात, पुण्यानुमोदनाची तयारी करण्यात ते राहून गेलं होतं.

कमल गाडीत होती. ती मेथी बाजूला ठेवून उतरली, खोक्यात वाकून बघितलं आणि सलीमला विचारलं, हे ह्या गाडीला बसतंय का?

बसतंय की काकू. पर मग गाडी पळवायची न्हाय, पहिल्यासारखी नुसता पाय लावला की थांबणार न्हाय.

 ती म्हणाली, पळवणारा गेला, सलीम. आता कोण पळवतंय? बसव.

माझ्याकडं बघून म्हणाली, उठा, पोरांचा बॉल तुमच्या मागं अडकलाय.

सलीमनं ते बसवले. गाडी पास झाली.

आता रविवारी सलीम आम्हाला कोडोलीला नेतो, एवढा हळू चालवतो की मागचे मोटरसायकलवाले शिव्या घालत पुढं जातात. मी मागं, गुडघे पोटाशी. कमल घरात अजून फारसं बोलत नाही, पण उतार आला की तिचा पाय त्या झिजलेल्या जागी जातो आणि ती चटई दाबून धरते, गाडी रांगत असली तरी. मला मागून तिची टाच दिसते. सलीमलाही दिसते.  मग आम्ही तिघंही तेवढा उतार संपेपर्यंत गप्प असतो, कारण तिथं जे वाक्य यायचं ते म्हणणारं आता आमच्यात कुणी नाही.

झालं, एवढंच. तुमची गाडी तालमीपाशी लावलीय न्हवं? पुढं उतार आहे आणि पोरांचा बॉल कधीही आडवा येतो. सावकाश जा.