कुंपणातली वेन्ता

[वेन्दात लोकांचं एक गाव, गोड्या पाण्याच्या मोठ्या सरोवराकाठी. फ्रेंच पाद्री येऊन राहिले, मागोमाग देवीची साथ आली. त्यानंतरचा दुसरा उन्हाळा. दुपार. अनेक कुटुंबांच्या लांबघराच्या मागं दोघी बहिणी.]

सोन्दाके : पाद्र्यांच्या कुंपणातले क्रूस सगळे सारखे आहेत हे मलाही दिसतं. देवीत एक डोळा गेला, दुसरा आहे. त्यातला माझ्या पोरीचा, वेन्ताचा कुठला, ते विचारतेय मी.

यारेसा : वेन्ता नाही, ताई. त्यांनी तिचं नाव आन्येस ठेवलंय.

सोन्दाके : त्या नावानं जिवंतपणी कुणी हाक मारली तिला?

यारेसा : मारली. फादरनी बाप्तिस्म्याचं पाणी घातलं तेव्हा एकदा मारली.

सोन्दाके : तिनं ओ दिली?

यारेसा : तिला बोलता येत नव्हतं. घशातही फोड होते.

सोन्दाके : मग ती वेन्ताच आहे. माझ्या हातात खणायची काठी आहे, दिसतंय ना? गाव हलायच्या आधी आपल्या सगळ्या मेलेल्यांची हाडं एकत्र ठेवायला उद्या सकाळी सगळं गाव मोठ्या खड्ड्याकडे निघणार. आईची हाडं मी पुसून, बीव्हरच्या कातड्यात बांधून ठेवलीत. थोरल्या दादाची ठेवलीत. या घरातल्या प्रत्येक चुलीवर गाठोडी टांगलेली आहेत. माझ्या चुलीवर पोरीचं गाठोडं नाही. बायका येतात, वर बघतात आणि मक्याच्या गप्पा करतात.

यारेसा : तुला हजारदा सांगितलं, ती तिथं मातीत नाहीच. ती वर आहे. तिथं भूक नाही, ताप नाही, कुणी कुणाला मारत नाही. तू खणून काढशील ते नुसतं तिचं टरफल.

सोन्दाके : टरफलच ना? मग मला नेऊ दे. तुझं काय जातं?

यारेसा : तसं नसतं ते. शेवटच्या दिवशी सगळे मेलेले उठणार आहेत. हाडांवर पुन्हा मांस चढणार आहे. तेव्हा ती त्यांच्यात असायला हवी.

सोन्दाके : म्हणजे हाडं त्यांनाही लागतातच.

यारेसा : तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस.

सोन्दाके : गाव हललं की इथं काय उरतं ते तू सांग. जमीन थकली, सरपण मिळत नाही, म्हणून आपण चाललो. काळ्या झग्यांचे पाद्रीही मागोमाग येणार, त्यांना पाणी घालायला माणसं लागतात. दोन हिवाळ्यांत कुंपण कुजेल. आत झुडपं माजतील. आणि त्या झुडपांत माझी पोर, जिला अंधार पडल्यावर दारापर्यंत जायला माझा हात लागायचा.

यारेसा : ती माझीही पोर होती. मला ती आईच म्हणायची, तुला म्हणायची तसंच.

सोन्दाके : आईची बहीण आईच असते, सगळ्यांच्याच घरात. म्हणून तर तुझ्या भरवशावर तापात पडले मी. उठले तेव्हा अंथरुणात पोर नव्हती. तू म्हणालीस, पाणी घालून घेतलं. मी म्हटलं, पाणी पाजलं असेल.

यारेसा : मी काय केलं ते मला माहीत आहे.

सोन्दाके : मलाही माहीत आहे. तू पोर मारलीस.

यारेसा : ती मरतच होती, ताई.

सोन्दाके : कोण म्हणालं? काळा झगा? त्या साथीत या घरात ज्यांच्या कपाळाला त्याचं पाणी लागलं त्यांतलं एक तरी उरलं का? त्या टोकाच्या चुलीपासून इथपर्यंत आठव.

यारेसा : कारण साथीत ते मरणाऱ्यांनाच पाणी घालतात. बऱ्या होणाऱ्याला घालतच नाहीत.

सोन्दाके : आणि बरा कोण होणार, मरणार कोण, हे त्यांना आधीच कसं कळायचं?

यारेसा : हे तूच नाही, सगळं गाव म्हणतं. पण मग एक मीही विचारते. पहिली आजारी पडली आई. आजाऱ्याला एकटं सोडायचं नाही म्हणून सगळं घर तिच्याभोवती जाऊन बसलं, तिच्याच भांड्यातलं जेवलं. तू वेन्ताला मांडीवर घेऊन आईच्या उशाशी बसलीस. नवा चंद्र दिसायच्या आत जे बसले होते ते सगळे पडले. मी शेतावरच्या झोपडीत होते. मी पडले नाही. आता सांग, कुणी मारली?

सोन्दाके : आईला एकटी मरू द्यायला हवी होती का मी?

यारेसा : मी तसं म्हटलं नाही.

सोन्दाके : म्हटलंस. आता परत घेऊ नकोस.

तिहोरे : चालू दे, चालू दे. पलीकडच्या शेतात बायका कुदळी टाकून ऐकत उभ्या आहेत. त्यांना जरा वरच्या आवाजात ऐकवा.

यारेसा : मामा, बरं झालं आलास. ताईला समजाव. कुंपणात खणायला निघालीय.

तिहोरे : कानावर आलं म्हणूनच आलो. माझ्या भाच्यांना इतकं अंग मोडून काम करायची हौस कधीपासून लागली, म्हटलं बघून यावं. सोन्दाके, ती काठी दे इकडे.

सोन्दाके : माझी आहे.

तिहोरे : बरं, धरून ठेव. आता ऐक. बैठकीत ठरलंय. ज्यांना पाणी घातलं ते कुंपणात राहतील, बाकीचे खड्ड्यात जातील. काळा झगा बैठकीत आला आणि म्हणाला, आमची माणसं तुमच्या माणसांत मिसळू नका. आम्ही हो म्हटलं.

सोन्दाके : त्यांची माणसं. कुठल्या बाईच्या पोटची?

तिहोरे : तोंड तुझ्या आईचं घेतलंयस. चांगलं आहे. पण बैठकीत मला तोंड बघून बोलता येत नाही. आपले दक्षिणेकडचे शत्रू, इरोक्वा, त्यांच्याकडे आता बंदुका आहेत. मागच्या शरदात नदीच्या वाटेवर आपली किती माणसं गेली ते तुला सांगायला नको. फ्रेंच बंदूक देतात, पण पाणी घेतलेल्या माणसाला देतात, आणि पाद्री खूश असला तर देतात. तुझ्या काठीनं ते कुंपण उकरलंस तर पुढच्या वेळी आपल्या होड्या नदीनं खाली फ्रेंचांकडे गेल्या की रिकाम्या परत येतील.

सोन्दाके : म्हणजे माझी पोर बंदुकीच्या बदल्यात दिलीस.

तिहोरे : तुझी एकटीची नाही. माझा मुलगाही त्याच कुंपणात आहे. त्याची आई माझ्याशी बोलत नाही, तूही बोलू नकोस. आता त्याची सवय झालीय मला.

सोन्दाके : मी खणणार.

तिहोरे : खणशील. पुढं काय करशील? खड्ड्याच्या काठावर प्रत्येक गाठोड्याचं नाव पुकारावं लागतं, तेव्हा ते आत जातं. पुकारणारा मी आहे. वेन्ता हे नाव मी घेणार नाही. गाव ऐकत असेल, पाद्रीही असेल. तुझं गाठोडं तुझ्या हातात राहील, आणि नाव न पुकारता काही खाली टाकलंस तर बायका आरडाओरड करतील. आगंतुक हाडं आपल्या माणसांत नको असतात कुणाला.

सोन्दाके : तिचं वेगळं गाठोडं करणारच नाही मी.

तिहोरे : म्हणजे?

सोन्दाके : आईच्या गाठोड्यात घालीन. आजीच्या कुशीत. तशीही तिला मेलेल्यांच्या गावाची ती वाट एकटीनं चालता आली नसती, लहान मुलांना येत नाही. आजी घेऊन जाईल. तू फक्त आईचं नाव पुकार.

तिहोरे : ते गाठोडं माझ्या बहिणीचं आहे.

सोन्दाके : माहीत आहे कुणाचं आहे ते.

तिहोरे : ती शेवटपर्यंत माझ्याकडे बघून म्हणत राहिली, तुझे ते फ्रेंच पाहुणे घालव. मी घालवले नाहीत. त्यांची तांब्याची भांडी आवडत होती मला.

यारेसा : मामा, तू बैठकीत शब्द दिलायस.

तिहोरे : दिलाय. तो मी पाळीन. माझ्या बहिणीचं गाठोडं मी सोडून बघेन असा शब्द मात्र कुणी घेतला नाही माझ्याकडून. पाद्री पलीकडच्या गावाला गेलाय, दिवस कलला की येईल. आणि सोन्दाके, तिथं सापडलीस तर तुला ओळखणार नाही मी. बैठकीत उभा राहून तुझ्यावर सगळ्यांआधी मीच दगड मारीन.

सोन्दाके : मार. नेम चांगला आहे तुझा.

तिहोरे : जातो मी. तुम्ही दोघी भांडा, पण हळू.

यारेसा : गेला. आता तूही जा, ताई. मी काही पाहिलं नाही म्हणेन.

सोन्दाके : तू दाखवल्याशिवाय जाऊन काय करू? एकेक उकरत बसू? तुझ्याखेरीज कुणालाच माहीत नाही. पोर पुरली तेव्हा आपलं कोण उभं होतं तिथं?

यारेसा : मी एकटी.

सोन्दाके : मग बोल.

यारेसा : मी तेव्हा स्वर्गबिर्ग काही मानत नव्हते. तुला खोटं वाटेल. मी इतकंच पाहत होते की पाद्री घराघरात जातात, आजाऱ्यांचं तोंड पुसतात, त्यांच्या शेजारी बसतात, आणि त्यांना काही होत नाही. आपल्यातले जे बसले ते मेले, हे बसतात ते मरत नाहीत. म्हटलं, काहीतरी आहे त्यांच्याकडे. त्या पाण्यातच असेल. ती जगावी म्हणून पाणी मागितलं मी. वर जावी म्हणून नाही.

सोन्दाके : त्या म्हाताऱ्या पाद्र्याचं तोंड नीट पाहिलंयस कधी? दाढीच्या वर?

यारेसा : व्रण आहेत.

सोन्दाके : जुने आहेत. माझ्यासारखेच. त्यांना लहानपणीच होऊन गेलाय हा रोग. एकदा झाला की परत होत नाही. वसंतात खालच्या घरात पुन्हा आला तेव्हा मी जाऊन बसले होते सगळ्यांपाशी. मला काय झालं? मी तर पाणी घेतलं नव्हतं.

यारेसा : ते मला कळलं, ताई. तू खालच्या घरातून धडधाकट परत आलीस त्या दिवशीच कळलं.

सोन्दाके : आणि तरी गुडघे टेकतेस त्यांच्यापुढं.

यारेसा : त्याच आठवड्यात जाऊन मी स्वतः पाणी घेतलं.

सोन्दाके : वेड लागलंय तुला.

यारेसा : तू तापातून उठलीस आणि ती वर गेली असं फादर म्हणतात हे मी सांगितलं, तेव्हा तू काय विचारलं होतंस? तिथं वर आपलं कोण आहे, असं विचारलंस. सांभाळणारं कुणीच नव्हतं. आई नाही, दादा नाही. या घरातल्या मोठ्या माणसांनी पाणी घालून घेतलं नाही, आपल्या कुळातलं मोठं कुणी नाही तिथं. मोठे सगळे फ्रेंच. तिला त्यांचं बोलणं कळत नाही, त्यांचं खाणं खाता येत नाही. पाण्यानं ती जगणार नव्हती हे कळल्यावर मला एवढंच उरलं, की मी तिला कुठंतरी एकटीला पाठवलंय. मग कुणीतरी मागून जायला हवं होतं.

सोन्दाके : हे मला का सांगितलं नाहीस?

यारेसा : तू माझ्या चुलीकडे मान वळवत नव्हतीस.

सोन्दाके : अजूनही वळवणार नाही. विचारायचं होतंस मला. मी आई आहे. मी गेले असते.

यारेसा : तू त्यांच्यावर थुंकत होतीस.

सोन्दाके : थुंकून गेले असते.

यारेसा : तू तिला आज नेलीस तर तिथं मी जाईन आणि ती नसेल. एवढंच म्हणायचं होतं. बाकी मी जे बोलले, उठण्याबिठण्याचं, ते फादर म्हणतात म्हणून.

सोन्दाके : कशी निजवलीय तिला?

यारेसा : सरळ. पाय लांब करून, हात छातीवर. मी म्हटलं, आम्ही गुडघे पोटाशी घेऊन निजवतो. ते नाही म्हणाले.

सोन्दाके : तिला सरळ झोप यायची नाही.

यारेसा : माहीत आहे मला. तू मासे धरायला गेलीस की माझ्या पोटात गुडघे खुपसून झोपायची. सकाळी दुखायचं.

सोन्दाके : ती रडली का? पाणी घातलं तेव्हा?

यारेसा : नाही. गार वाटलं असावं. कपाळ तेवढं माझ्या हाताकडे वळवलं.

सोन्दाके : ऊन उतरायला लागलंय, यारेसा.

यारेसा : देवळाच्या भिंतीपासून दुसरी. क्रूस बोटभर बुटका आहे. डोकं मावळतीकडे. वरून काठी मारू नकोस, फळ्या पातळ आहेत. बाजूनं माती काढावी लागेल. थांब, तुला जमायचं नाही, मी येते.

सोन्दाके : तू त्यांची आहेस. तुला चालेल?

यारेसा : नाही चालणार. फादरना सांगावं लागेल मला, आणि ते बाहेर काढतीलही. पण मी पुन्हा जाईन त्यांच्याकडे, घ्या म्हणेन. पाणी घेताना शब्द दिलाय मी. मेले की मलाही त्याच लोकांत पुरतील, ताई. तसंच लांब करून.

सोन्दाके : पुरू देत. पुढच्या खड्ड्याच्या वेळी तुलाही काढीन.

यारेसा : मी काही पोर नाही. मला उचलायला दोन-तीन माणसं लागतील.

सोन्दाके : नाही लागत. आईला आणि दादाला मी एकाच टोपलीतून घरी आणलं.